पुराच्या मदतीची यादी एआयकडून करून घ्यावी का? नागपुरातल्या संस्थेला सल्ला हवा आहे

पाणकाठ

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका छोट्या संस्थेत काम करते. जगनाडे चौकाच्या पुढे, नाग नदीच्या काठाकाठाने ज्या वस्त्या आहेत तिथे आमचं काम चालतं. एरवी अभ्यासिका, बचत गट, आरोग्य तपासण्या असं सगळं असतं; जूनपासून मात्र पाणी हा एकच विषय.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊटपासून सीताबर्डीपर्यंत घराघरांत पाणी घुसलं. शासनाने घरटी दहा हजारांची तातडीची मदत जाहीर केली. मग सुरू झाल्या याद्या. तहसीलची यादी, मनपाची यादी, माजी नगरसेवकांची यादी, मंडळांची यादी, आमची यादी. एकच घर चार याद्यांत, आणि गल्लीच्या टोकाची, नदीला अगदी लागून असलेली खोली एकाही यादीत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यंदा एका कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून पावसाळ्याआधीच तयारी करायला पैसे मिळतायत. त्यांचा आग्रह आहे की एआय वापरा. त्यांची योजना अशी: फॉर्मचे फोटो काढायचे, एआय त्यातून नाव-पत्ता वाचून तक्ता करील; दुबार नावं आपोआप उडवील; प्रत्येक कुटुंबाला गरजेप्रमाणे शंभरपैकी गुण देईल आणि त्या क्रमाने मदतीच्या किट वाटायच्या. तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तरं देणारा बॉट.

परवा बैठकीत आमच्याकडच्या एका मुलाने फुकटच्या चॅटबॉटला एका बाईच्या आधारचा आणि रेशनकार्डाचा फोटो दिला आणि मिनिटभरात सुबक तक्ता तयार झाला. सगळे खूश. मला मात्र काहीतरी खटकलं आणि नेमकं काय, ते तिथे मांडता आलं नाही. रात्र-रात्र बसून एक्सेल भरणारी आमची मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे सरसकट ‘नको’ म्हणणंही पटत नाही. ज्यांनी आपत्तीत काम केलंय त्यांनी सांगावं, यातलं काय घ्यावं आणि काय घेऊ नये?

सातबारा

ताई, माझी सगळी नोकरी महसूल खात्यात झाली, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. एआयमधलं मला फार कळत नाही, यादीतलं कळतं. तेवढंच लिहितो.

पंचनामा दारात उभं राहून होतो. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली, गाद्या भिजल्या की नाही, धान्याचे डबे कुठे ठेवले होते, हे सगळं बघावं लागतं. आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय माझं पान पुरं व्हायचं नाही: या घरात चुली किती? छप्पर एक, भाऊ दोन, चुली वेगळ्या. रेशनकार्ड मात्र एकच, तेही वारलेल्या बापाच्या नावावर. कागदावर एक कुटुंब, प्रत्यक्षात दोन. भाडेकरूचं त्याहून वाईट. घरपट्टीवर मालकाचं नाव, मालक राहतो दुसरीकडे, आणि भिजलेलं सामान भाडेकरूचं. २०२३ ला तर महालक्ष्म्यांचे दिवस होते. कितीतरी घरांना कुलूप, माणसं गावी. पथक आलं, ‘घर बंद’ लिहून पुढे गेलं, तर ते कुटुंब परत आल्यावर कोणाकडे जाणार?

यातलं काहीच कुठल्या कागदावर नसतं. जे यंत्र कागद वाचून शिकतं, त्याला ही दुसरी चूल कशी दिसायची?

दुसरी गोष्ट सहीची. पंचनाम्याखाली माझी सही आणि पंचांच्या सह्या. एखादं नाव कापलं तर कोणी कापलं, का कापलं, हे दहा वर्षांनीही काढता येतं. उद्या एखादी बाई येऊन म्हणाली, माझं नाव का नाही, आणि तुम्ही सांगितलं की तुमचे गुण बेचाळीस भरले, तर त्या बेचाळीसखाली सही कोणाची आहे ते आधी ठरवा.

जमलं तर वाटपाआधी यादीचं जाहीर वाचन करा. चावडी वाचनात अर्ध्या चुका जागच्या जागी निघतात.

वर्धारोड

पाणकाठ, तुम्हाला खटकलं ते योग्यच खटकलं. मी मदतकामात माहिती सांभाळण्याचं काम करत आले आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरात, पहिल्या टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांसाठी पांजरी टोलनाक्यावर, आणि पावसाळ्यात भामरागडकडे, जेव्हा पर्लकोटा नदीला पाणी येऊन गावं तुटतात. लांब लिहिणार आहे, कारण हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

आधी कामाचे दोन ढीग करा. चुकलं तर फक्त आपला वेळ जाईल, असं काम एकीकडे. चुकलं तर एखादं घर उपाशी राहील, असं दुसरीकडे. पहिल्या ढिगात एआय खुशाल वापरा. देणगीदाराचा अहवाल, किटचा साठा कुठे किती उरला त्याचा हिशेब, हवामान खात्याच्या बुलेटिनमधून आपल्या कामाचं तेवढं काढणं, सूचनांचा हिंदी मसुदा, सगळं. यात तुमच्या मुलांच्या रात्री वाचतील आणि त्या वाचायलाच हव्यात. दुसऱ्या ढिगात यंत्राने फार तर बोट दाखवावं, ‘इथे बघा’ म्हणावं. नाव कापायचा अधिकार त्याला द्यायचा नाही. मी तरी कुठल्याच परिस्थितीत देणार नाही.

दुबार नावांचंच घ्या. सगळ्यात सोपं वाटणारं आणि सगळ्यात जास्त घात करणारं काम हेच आहे. आपल्याकडे बाईचं नाव लग्नानंतर बदलतं. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, बचत गटाच्या वहीत घरी हाक मारतात ते. एकच बाई तीन वेगळ्या नावांनी दिसते. उलट एका गल्लीत एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या, नवऱ्याचं नावही तेच असलेल्या दोन बायका सहज निघतात. सांगलीत एका शिबिरात मी हे पाहिलं. तिथल्या संस्थेच्या तक्त्याने अशा दोघींची एक नोंद करून टाकली. पहिली किट घेऊन गेली, दुसरीला सांगितलं की तुमचं वाटप झालं आहे. ती बाई भांडली नाही. ‘झालं असेल’ म्हणाली आणि रांगेतून बाहेर निघाली. शेजारीण ओरडली म्हणून गोष्ट उघडी पडली. त्यात रोमन लिपीची भर. वासनिक व्ही लावून लिहायचं की डब्ल्यू, मेश्राममध्ये एच घालायचा की नाही, हे फॉर्म भरणाऱ्याच्या मर्जीवर असतं. म्हणून यंत्राने म्हणावं, ‘ही दोन नावं एकाच व्यक्तीची असू शकतात’, आणि तुमच्या कार्यकर्तीने त्या दारात जाऊन बघावं. कापायचं ते तिने, तिच्या सहीने. सातबारा काका म्हणतात ती सही हीच.

देणगीदाराला इथे एक सरळ प्रश्न विचारा. कोणती चूक आपल्याला परवडते? एका घरात दोन किट गेल्या तर एका किटचे पैसे गेले. एक घर सुटलं तर त्या घरातलं तान्हं पोर रात्रभर ओल्या गादीवर झोपलं. दोन्हींना ‘चूक’ म्हणून एकाच टक्केवारीत मोजायचं नाही.

आता गुणांचं. याबाबत आपल्या शेजारचं उदाहरण आहे. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या सरकारी खात्यांची माहिती जोडून कोण पात्र, कोण अपात्र ते सुचवायची. लाखो रेशनकार्डं रद्द झाली. घरी चारचाकी आहे असं चुकीने जोडलं गेल्यामुळे खऱ्या गरिबांचं धान्य बंद झाल्याचं पत्रकारांनी पुढे आणलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितली. म्हणजे शेवटी दारात जावंच लागलं, फक्त मधली वर्षं गेली. नेदरलँड्ससारख्या सधन देशातही बालसंगोपन भत्त्यात हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला, धोका कोणाकडून आहे ते ठरवणाऱ्या प्रणालीत परकीय नागरिकत्व हा एक निकष होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथलं सरकार या प्रकरणावरून पायउतार झालं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं वाटेल. टोगो या आफ्रिकी देशात २०२० च्या कोविडकाळात मोबाइल वापराच्या नोंदी आणि उपग्रह छायाचित्रांवरून गरिबातल्या गरिबांना शोधून फोनवरच पैसे पाठवले गेले. घरोघर जाता येत नव्हतं, गरिबांची धड यादीही नव्हती, आणि हातात असलेल्या बाकीच्या सोप्या पर्यायांपेक्षा त्या पद्धतीत गरजू माणसं कमी सुटली. पण त्याच अभ्यासकांनी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये हेही लिहिलं की सर्व कुटुंबांची प्रत्यक्ष माहिती असलेली पूर्ण नोंदवही असेल तर तिच्यावर आधारलेली निवड यापेक्षा सरस ठरते. तुमच्या वस्त्या पायी अर्ध्या तासावर आहेत. पावसाळ्याला अजून अवकाश आहे. तुम्हाला अंदाज बांधायची गरजच काय? जाऊन विचारा.

गुणांमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते आणि ती आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. तुम्ही फॉर्ममध्ये जातीचा रकाना ठेवला नाहीत तरी आडनाव आणि वस्ती मिळून जात उघड होते. नागपुरात तर नुसता पत्ता सांगितला तरी लोक ओळखतात. यंत्रही तेच शिकतं, आणि शिकलं हे आपल्याला सांगत नाही. मदत निःपक्षपाती असावी हे मानवतावादी कामाचं मूळ तत्त्व आहे. जे आपल्याला तपासता येत नाही त्याच्या हाती ते सोपवू नका.

आता तो आधारचा फोटो. त्या मुलाला रागावू नका, त्याची मेहनत प्रामाणिक आहे. पण फुकटच्या सेवेत टाकलेलं कागदपत्र कुठे साठतं, किती दिवस राहतं, पुढच्या यंत्राच्या शिकवणीत जातं का, यावर आपला ताबा उरत नाही. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीसारख्या संस्थेच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ५ लाख १५ हजारांहून जास्त माणसांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली, हे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालं. ताटातूट झालेल्या कुटुंबांची, बेपत्ता माणसांची माहिती होती ती. बांगलादेशात रोहिंग्या निर्वासितांची नोंदणी मदतीसाठी म्हणून झाली, आणि ती माहिती ज्या म्यानमारमधून ते जीव घेऊन पळाले त्याच सरकारपर्यंत पोचली, हे ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२१ मध्ये मांडलं.

‘आपल्या वस्तीतल्या यादीत कोणाला रस असणार?’ असं बैठकीत कोणीतरी म्हणेलच. तेव्हा हे सांगा. नदीकाठच्या प्रत्येक घराचं नाव, फोन आणि नकाशावरची अचूक जागा असलेली यादी ही मदतीची यादी असते तशीच अतिक्रमण काढायचीही तयार यादी असते. ती कर्जवसुलीवाल्यांच्याही कामाची असते. आणि आरोग्याचा रकाना बघा. आपल्याकडे विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती घरांत आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पुरात त्या मुलीला औषध, पाणी, ऊब वेळेवर मिळावी म्हणून तुम्ही ते लिहून घेणार. तीच ओळ एखाद्या ग्रुपवर फिरली तर तिच्या लग्नाच्या बोलण्यात ती येईल. म्हणून तक्त्यात फक्त ‘वैद्यकीय गरज: आहे’ एवढंच. काय गरज आहे ते एका वहीत, एका जबाबदार बाईकडे.

आधारची प्रत घेऊच नका. ओळख पटवायचीच असेल तर ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार पुरतं. मुलांची माहिती तर अगदीच कमी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी पालकांची संमती अपेक्षिली आहे. आणि संमती पावसाळ्याआधी, त्यांच्या घरी बसून घ्या. गुडघाभर पाण्यात किटसाठी हात पुढे केलेला माणूस कशालाही हो म्हणतो. ‘माहिती दिली नाही तरी मदत मिळेल’, हे वाक्य फॉर्मच्या वरच मोठ्या अक्षरात छापा आणि वाचूनही दाखवा.

मोहल्लाताई

ताई, मी वस्तीतच राहतो, वस्तीतच काम करतो. बॉटचं माझ्याकडून ऐका.

मोबाइल घरात एक राहते आन् तो राहते पोराजवळ नाईतं नवऱ्याजवळ. बाईले तक्रार करायची तं तिनं पोराले सांगाव, मग त्यानं टाइप कराव. आता तक्रारच जर अशी असली का किट आली तं नवऱ्यानं तिकडेच कोणाले देऊन टाकली, तं ते बाई त्याच्याच मोबाइलवर लिहिन का? पुराच्या दिवशी तसाही मोबाइल भिजलेला नाईतं चार्जिंग संपलेलं. आमच्या गल्लीत छत्तीसगडचे बांधकामावरचे मजूर राहतात, त्यायची बोली त्या बॉटले समजते का ते पण पाहा. म्हाताऱ्या मावश्यांले तं लिहिणंच जमत नाई.

आमच्याकडे काय चालते ते सांगतो. विहारात सकाळी दहा ते बारा एक बाई टेबल टाकून बसते, तिच्याजवळ वही राहते. पण बाई ओळखीची पाह्यजे अन् ती यादी करणारी नको. ज्यानं नाव कापलं त्याच्याचजवळ तक्रार कोण करते? दोन दिवसांत उत्तर द्याचंच, ‘नाही’ असलं तरी द्याच.

काका म्हणाले तसं यादी वाचून दाखवाच, पण नुसते नावं वाचा. कोणाच्या घरी कोण बिमार, कोण नवऱ्यानं टाकलेली, हे चारचौघांत नको. मागं एका ठिकाणी कारणासकट यादी भिंतीले लावली होती. एक पोरगी आठ दिवस घराबाहेर निघाली नाई.

गायत्रीनगर

मी आयटी पार्कमध्ये अशाच प्रणाल्यांवर काम करतो, त्यामुळे तांत्रिक बाजूचं थोडं.

फॉर्म वाचायचं काम यंत्राला देता येईल, पण हाताने लिहिलेलं मराठी वाचताना ते अडखळतं. सगळ्यात जास्त जपायचे ते आकडे. घाईत लिहिलेला १ आणि ९, इंग्रजीतला एक आणि सात, यांची अदलाबदल होते. मोबाइल नंबरातला एक आकडा चुकला तर निरोप परक्या माणसाला जातो. यूपीआयने मदत पाठवणार असाल तर पैसेही. आणि चॅटबॉट प्रकारच्या यंत्राची खोड अशी की अक्षर लागलं नाही तर ते कोरं ठेवत नाही, शोभेलसं काहीतरी भरून टाकतं. तक्ता सुबक दिसतो म्हणून कोणी तपासत नाही, धोका तिथे आहे.

म्हणून आधी शंभर फॉर्म हाताने भरा, तेच शंभर यंत्राकडून भरून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. एकूण चुका किती एवढंच बघू नका. कोणत्या वस्तीतले, कोणी भरलेले फॉर्म जास्त चुकतायत ते बघा. एकूण आकडा छान येतो आणि सगळ्या चुका एकाच गल्लीत साचलेल्या निघतात, असं होतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे नाव सोडून बाकी सगळं खुणा करण्याजोगं ठेवा. माणसं किती, चुली किती, तान्हं बाळ आहे का, गरोदर बाई आहे का. चौकटीतली खूण ओळखणं यंत्राला सोपं जातं.

फॉर्म वाचणारी मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली इंटरनेटशिवाय साध्या लॅपटॉपवर चालते. फोटो लॅपटॉपबाहेर जात नाही. डिस्कला कुलूप लावा, दोघांकडेच पासवर्ड, आणि वाटप संपल्यावर किती दिवसांनी पुसायचं ती तारीख आजच ठरवून फॉर्मवर छापा.

बॉटबद्दल मोहल्लाताईंशी पूर्ण सहमत. त्यात आणखी एक भर. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली. तुमच्या बॉटने रात्री दोन वाजता कोणाला सांगितलं की शुक्रवारी दहा हजार मिळतील, तर शुक्रवारी दारात उभं राहणारं माणूस तुमच्याच दारात येणार.

नकाशाचं काम मात्र जरूर करा. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे. आधी कुठे पाणी साचलं, उतार कुठे आहे, किट ठेवायची गोदामं कुठे असावीत, हे उपग्रहाच्या माहितीवरून चांगलं कळतं. सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरचा चौकोन. त्यात तुमच्या वस्तीतल्या दोन-तीन खोल्या एकत्र मावतात. गल्ली कोणती बुडेल एवढं विचारा, घर कोणाचं बुडालं हे त्याला विचारू नका.

पाणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी बैठकीत वाचून दाखवला. आधारचा फोटो टाकणाऱ्या मुलाने स्वतःहून ती नोंद काढून टाकली आणि आता लॅपटॉपवरची प्रणाली बसवायचं काम तोच करतोय. गुण रद्द. दुबार नावांना यंत्र खूण करील, दारात जाऊन सही आमची कार्यकर्ती करील. बॉटऐवजी विहारातलं टेबल. ‘चुली किती’ हा रकाना फॉर्ममध्ये पहिलाच घेतला आहे.

एक अडचण उरली. कंपनीला कुठल्याही क्षणी बघता येईल असा डॅशबोर्ड, म्हणजे सगळी माहिती दाखवणारा ऑनलाइन फलक, हवा आहे, लाभार्थ्यांच्या नावांसकट आणि किट घेतानाच्या फोटोंसकट. त्यांचंही म्हणणं अगदी चुकीचं नाही, पैसे नीट वापरले हे त्यांना त्यांच्याकडे दाखवावं लागतं. काय सांगू?

वर्धारोड

हिशेब मागायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. नावं मागायचा नाही. वस्तीवार आकडे द्या: किती घरं, किती चुली, किती किट, किती तक्रारी आल्या, किती मान्य झाल्या, यंत्राने खूण केलेल्यांपैकी किती नावं दारात गेल्यावर खरी वेगळी निघाली. हा शेवटचा आकडा मुद्दाम द्या, माणूस का पाठवतो ते त्यांना त्यावरून कळेल. शंका आली तर त्यांचा लेखापरीक्षक संस्थेत येऊन वही बघेल, हवं तर त्याने निवडलेल्या दहा घरी तुमच्या कार्यकर्तीबरोबर जाईल, त्या घरांना आधी विचारून. वही बाहेर जाणार नाही, तिचा फोटो निघणार नाही.

किट हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचा नाही, हे करारातच लिहून घ्या. नुसतं तोंडी ठरवलं तर वाटपाच्या दिवशी त्यांचा फोटोग्राफर येतोच. किट रचून ठेवलेलं गोदाम, टेबल, स्वयंसेवक, एवढ्याचे फोटो त्यांच्या अहवालाला पुरतात.

आणि डॅशबोर्डसाठी त्यांनी किती रक्कम धरली आहे ते विचारा. बहुधा तेवढ्यात पावसाळाभर दोन सर्वेक्षक बायकांचं मानधन निघेल.

पाणकाठ

विचारलं. दोघींचं मानधन, एक लॅपटॉप आणि फॉर्म छपाई, एवढं त्यात बसतं. सुधारित प्रस्ताव आज पाठवते. मोहल्लाताई, सर्वेक्षकांपैकी एक छत्तीसगडी बोलणारी हवी, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर कळवा. गायत्रीनगर, शंभर फॉर्मची चाचणी येत्या रविवारी विहारात ठेवतोय, जमेल तर या. कोरा फॉर्म छापून आला की इथे टाकते. आणखी कोणता रकाना काढायला हवा ते बघून सांगा.